मसाताका ताकेत्सुरू आणि त्यांच्या दोन वह्या

बाळाच्या नाचणीसत्त्वासाठी आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. व्हिस्कीची सुरुवातही अशीच होते. धान्य मात्र बार्ली. मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर करणारे घटक तयार होतात. ते दाणे वाळवून भरडतात आणि साधारण 65 अंश गरम पाण्यात कालवतात. पाणी जास्त तापलं तर साखर होणंच थांबतं. मग ते गोड पाणी गाळून आंबवायचं, तांब्याच्या भट्टीत दोनदा उकळून वाफ थंड करायची आणि ओकच्या पिंपांत काही वर्षं मुरवायचं.

ही विद्या जपानमध्ये नेली मसाताका ताकेत्सुरू यांनी. त्यांचा जन्म 1894 सालचा, हिरोशिमा प्रांतातल्या ताकेहारा गावचा. घराण्याचा धंदा तांदळापासून साके करण्याचा. 1918 मध्ये ओसाकाच्या एका कंपनीने त्यांना स्कॉटलंडला पाठवलं. ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत त्यांनी लाँगमॉर्न, हेझलबर्न अशा कारखान्यांत प्रत्यक्ष काम केलं. तिथली यंत्रं, भांडी आणि रोजची कृती त्यांनी दोन वह्यांत उतरवून घेतली.

1920 च्या जानेवारीत त्यांनी रीटा कॉवन या स्कॉटिश मुलीशी लग्न केलं. दोन्ही घरांचा विरोध होता. त्याच वर्षी ते जपानला परतले, पण कंपनीकडे आता कारखान्यासाठी पैसा नव्हता. 1923 मध्ये शिंजिरो तोरी यांनी त्यांना नोकरी दिली आणि क्योटोजवळ यामाझाकीचा कारखाना उभा राहिला. 1929 मध्ये तिथली पहिली व्हिस्की बाजारात आली. तिची धुरकट चव लोकांना रुचली नाही.

चवीत तडजोड करायची ताकेत्सुरूंची तयारी नव्हती. 1934 मध्ये त्यांनी थंड हवेच्या होक्काइदो बेटावर, योइची इथे स्वतःचा कारखाना काढला. रीटा इंग्रजी शिकवत असत. त्या ओळखींतून भांडवल देणारे मिळाले. सुरुवातीला भट्टी एकच, दोन्ही वेळा तीच वापरायची. बँकेत कर्जप्रकरणं पाहिलेल्या माणसाला यातली खरी अडचण लगेच दिसते: खर्च आज, विक्री पाच-सहा वर्षांनी. मधल्या काळात कंपनी सफरचंदाचा रस विकत होती. योइचीची पहिली व्हिस्की 1940 मध्ये विक्रीला आली. कंपनीचं नाव पुढे निक्का झालं.

महायुद्धाच्या काळात परदेशी म्हणून रीटांवर पाळत होती. तरी त्या जपान सोडून गेल्या नाहीत. 1961 मध्ये त्या वारल्या आणि 1979 मध्ये ताकेत्सुरू. योइचीच्या टेकडीवर दोघांची समाधी शेजारी शेजारी आहे.

योइचीत आजही भट्टीखाली दगडी कोळसाच जळतो. नवऱ्याने परदेशातली विद्या आपल्या गावी आणली आणि बायकोने परक्या गावाला आपलं मानलं. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत रुजलेल्या आपल्या मराठी घरांना यातला दुसरा भाग अधिक ओळखीचा वाटेल.