पक्ष्यांचे मित्र डॉ. सलीम अली

गेल्या भाद्रपदात मी विहिरीवरच्या बाभळीचं सुगरणीचं घरटं काठीनं पाडलं. आत पांढरी अंडी होती, ती फुटली. आजी रागावली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला डॉ. सलीम अलींची माहिती सांगितली. तीच मी लिहीत आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामांनी त्यांना वाढवलं. मामा शिकारी होते. सलीमही छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारी. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी नाव सांगितलं आणि पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तेव्हापासून सलीमला पक्ष्यांचं वेडच लागलं.

पुढे ते जर्मनीत बर्लिनला शिकून आले. १९३० साली परत येतात तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरीची जागाच रद्द झालेली! मग ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे शिडीवर आडोसा करून ते सुगरण पक्षी बघत बसत. त्यातून नवलाची गोष्ट कळली. आपण सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. मादी येऊन ते तपासते. पसंत पडलं तरच राहते. ती अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो.

१९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. नंतर रिप्ले साहेबांबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. भरतपूरचं पाणपक्ष्यांचं रान वाचवायला ते झटले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी ते वारले. आपल्या राज्यात दरवर्षी पक्षी सप्ताह असतो, तो त्यांच्या जन्मदिवशी संपतो.

यंदा त्याच बाभळीवर पाच घरटी आहेत. आमच्याच खाचरातल्या भाताच्या पात्या चिरून नर ती विणत होता. दोन अर्धवट राहिलीत. माद्यांना पसंत पडली नसावीत. मी रोज शाळेतून येताना मोजतो. वर्गमित्रांनो, तुम्हीही बघायला या. पण काठी आणू नका.