खाणीत उतरलेले मजूरमंत्री

गेल्या हिवाळ्यात संगीताच्या परीक्षा घेण्याच्या निमित्ताने सौंसर आणि पांढुर्णा येथे जाणे झाले. २०२३ पर्यंत ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात मोडत. आता पांढुर्णा हाच स्वतंत्र जिल्हा आहे. संत्र्यांच्या बागा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार, एवढीच या भागाची आपल्याकडे ओळख. पण भूगर्भशास्त्रात मॅंगनीज सापडणाऱ्या खडकांच्या एका सबंध समूहाला सौंसरचे नाव दिलेले आहे.

ज्यांच्या घरी उतरलो, तेथील आजींनी तरुणपणी मॅंगनीजच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यांच्या आई त्याआधी परासियाकडे कोळशाच्या खाणीत कामाला होत्या. बैठकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर होती. ती राज्यघटनेसाठी असावी, असे मी धरून चाललो. आजी म्हणाल्या, ती खाणीसाठी आहे.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, आपल्या इंदुराजवळच्या महूचा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेस गेले. महाड, गोलमेज परिषद, पुणे करार हे सर्व वाचकांना ठाऊकच आहे. परंतु १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती घेतले, ही चार वर्षे आपण चरित्रात घाईने उलटतो.

खाणींची तपासणी याच खात्याकडे होती. १९०१ च्या कायद्यानंतर १९०२ साली कलकत्त्यास निरीक्षणाची कचेरी स्थापन झाली व १९०८ मध्ये ती धनबादला गेली. पण त्या व्यवस्थेचा भर होता अपघात टाळण्यावर. मजुराला राहायला घर आहे का, प्यायला पाणी आहे का, बाईचे तान्हे मूल कोठे निजते, हे प्रश्न बरेचसे मालकाच्या मर्जीवर राहत.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर टनामागे चार आण्यांपर्यंत कर बसवून त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांची सोय करावयाची, अशी ती योजना. खाणीतील बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यातही त्यांनी दुरुस्त्या केल्या.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. बायकांनी जमिनीखाली काम करण्यास १९३७ पासून बंदी होती. लढाईत कोळसा कमी पडू लागला, मजूर लष्करी कामांकडे वळले, आणि १९४३ साली सरकारने कोळशाच्या खाणींपुरती ही बंदी उठवली. मजूर खाते तेव्हा बाबासाहेबांकडेच होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये रेणुका राय यांनी मध्यवर्ती विधिमंडळात त्याविरुद्ध तहकुबीची सूचना आणली. १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेसाठी बोललेले बाबासाहेब या वेळी सरकारची बाजू मांडत होते. ही तात्पुरती निकड आहे आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांचे म्हणणे. समान मजुरीचे तत्त्व मोठे खरेच. पण माझे मन रेणुकाबाईंच्या बाजूला झुकते. ही बंदी फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी पद सोडले.

हे मी आजींना सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आई त्याच दिवसांत खाली जात होती, मी वर खाणीच्या तोंडाशी गोणपाटावर निजत असे. पुढे तिथे पाळणाघर झाले. तसबिरीबद्दल त्यांनी काही म्हटले नाही, मीही विचारले नाही.

मॅंगनीजच्या मजुरांना तसा निधी मिळण्यास १९७६ साल उजाडले. या धातूची धूळ वर्षानुवर्षे अंगात गेली की मज्जातंतू बिघडतात, चेहरा थिजतो आणि बोलणे एकसुरी होते. गाणे शिकवणाऱ्या माणसाच्या हे लगेच कानी येते. आजींच्या आवाजात चढउतार शाबूत होते. दुसऱ्या दिवशी नातीच्या परीक्षेला त्या दाराशी बसून होत्या, आणि भूपात मुलीचा धैवत घसरला तेव्हा माझ्याआधी त्यांनीच मान हलवली.