मंगेशाचे भक्त, महाकालाचे जीर्णोद्धारक

उज्जैनला गेलेला गोमंतकीय यात्रेकरू बहुधा पहाटेच क्षिप्रेच्या काठी, रामघाटावर पोहोचतो. समोरच्या तीरावर दत्त आखाड्याचा घाट, अलीकडे लहानमोठ्या देवळांची दाटी आणि पायाखाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या. वनवासातील श्रीरामांनी येथे पित्याचे तर्पण केले, अशी लोकश्रद्धा आहे आणि तिच्यावरूनच घाटाला हे नाव मिळाले. स्नान आटोपून यात्रेकरू चढण चढून थोड्याच वेळात महाकालेश्वराच्या शिखरासमोर उभा राहतो. आज दिसणारे हे मंदिर ज्यांच्या कारभारात उभे राहिले, त्यांचे आराध्यदैवत आपल्या प्रियोळ गावचा श्रीमंगेश होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव रामचंद्र मल्हार सुखटणकर. मराठ्यांच्या इतिहासात ते रामचंद्रबाबा शेणवी या नावाने ओळखले जातात.

गोमंतक आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण कोकणातील सारस्वत घराण्यांनी अठराव्या शतकात मराठी राज्याला अनेक मुत्सद्दी दिले. लेखणी, हिशेब आणि वाटाघाटी यांत हातखंडा असलेली ही माणसे सह्याद्री ओलांडून साताऱ्याला, पुण्याला आणि तेथून थेट माळव्यापर्यंत गेली. रामचंद्रबाबा त्यांपैकीच एक. पेशव्यांच्या मर्जीतील हा बुद्धिमान कारभारी पुढे राणोजी शिंदे यांचा दिवाण झाला आणि त्याच्या आयुष्याची खरी कर्मभूमी क्षिप्रेच्या काठी ठरली.

१७२८ च्या अखेरीस चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांच्या सुभेदाराचा पराभव केला आणि माळव्याचे दरवाजे मराठ्यांना उघडले. त्यानंतरच्या काही वर्षांत बाजीराव पेशव्यांनी त्या प्रदेशाची व्यवस्था लावली. इंदूरच्या बाजूला होळकर, धार आणि देवासला पवार, तर उज्जैनला शिंदे अशी विभागणी झाली. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे राणोजी हे रणांगणातले सरदार. जिंकलेल्या मुलखाची जमाबंदी, चौथाईची वसुली, फौजेचा खर्च आणि दरबारांशी पत्रव्यवहार ही कामे दिवाणाची. मोहिमेमागून मोहीम करणाऱ्या सरदाराच्या गैरहजेरीत नगर सांभाळायचे आणि त्याची घडी बसवायची, ही जबाबदारी रामचंद्रबाबांवर आली.

त्या वेळच्या उज्जैनची अवस्था समजून घेतली म्हणजे त्यांच्या कार्याचे मोल कळते. परमार राजांच्या काळात वैभवाला पोहोचलेले महाकालाचे देवालय १२३४-३५ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतान इल्तुतमिशच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले होते. ज्योतिर्लिंग जवळच्या कोटितीर्थ कुंडात सुरक्षित राहिले, असे परंपरा सांगते. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षे ही श्रद्धा भव्य शिखरावाचून तगून राहिली. १७३४ च्या सुमारास रामचंद्रबाबांनी मंदिराची पुनर्बांधणी हाती घेतली. ग्रंथांतून कधी राणोजींचे, तर कधी त्यांच्या दिवाणाचे नाव या कामाशी जोडलेले आढळते. सत्ता सरदाराची आणि कारभार दिवाणाचा, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

नवी सत्ता आपली द्वाही फिरवण्यासाठी वास्तू उभारते, हे जगभरच्या इतिहासात दिसते. त्यासाठी मोकळी, उंच जागा निवडणे आणि जुने पुसून टाकणे सोयीचे असते. महाकालाच्या बाबतीत तसे घडले नाही. देवाचे स्थान बदलले गेले नाही. गर्भगृह आजही सभोवतालच्या भूमीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. पायऱ्या उतरूनच दक्षिणाभिमुख लिंगाचे दर्शन घ्यावे लागते. त्याच्या वर ओंकारेश्वर आणि त्याहून वर वर्षातून केवळ नागपंचमीला उघडणारे नागचंद्रेश्वर अशी रचना आहे. वास्तू वरच्या दिशेने वाढली, पण मुळाशी असलेले स्थान ढळले नाही. जुन्या देवालयाचे शिल्पखंड आणि परमारकालीन शिलालेख या परिसरात आजही पाहता येतात. माळव्याच्या जुन्या शिखरशैलीचा आणि दक्षिणेकडून आलेल्या मराठी हाताचा मेळ या मंदिरात दिसतो, तो स्थळाचा मान राखणाऱ्या या वृत्तीमुळेच.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोटितीर्थाचे कुंड मंदिराचे अंग म्हणूनच राहिले. देवालय आणि जलाशय यांची फारकत आपल्या जुन्या स्थापत्याला मान्य नव्हती. अभिषेकाचे पाणी कोठून येणार आणि पावसाचे पाणी कोठे साठणार, याचा विचार शिखराच्या आराखड्याइतकाच आवश्यक मानला जाई. घाटाची बांधणीही याच विचारातून झालेली असते. पावसाळ्यात नदी चढणार आणि उन्हाळ्यात उतरणार, हे गृहीत धरून पायऱ्या रचल्या जातात. पाणी कोणत्याही पातळीवर असो, त्याच्याशी माणसाची गाठ पडावी, ही त्यामागची योजना. घाट नदीला अडवत नाही. नदी जेथे येईल तेथे माणसाने जावे, एवढेच तो सुचवतो.

रामचंद्रबाबांच्या आयुष्यातील दुसरी मोठी घटना आपल्या भूमीशी निगडित आहे. पोर्तुगिजांच्या धर्मच्छळामुळे १५६० मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, श्रीमंगेशाचे लिंग झुआरीपलीकडे अंत्रुज महालातील प्रियोळला आणले गेले होते. भक्तांनी नव्या जागी देवाची स्थापना केली, परंतु मूळ गावच्या जमिनी आणि उत्पन्ने मागेच राहिली होती. १७३९ मध्ये रामचंद्रबाबांच्या सूचनेवरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला दान दिला. हेच ते वर्ष ज्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मराठी सत्तेचा दबदबा शिगेला पोहोचलेला असताना या दिवाणाने आपले वजन दूरच्या कोकणातील कुलस्वामीसाठी खर्च केले.

गावाचे दान म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. सोन्याचा कळस किंवा चांदीची मखर दिली असती, तर देणगीदाराचे नाव अधिक झळकले असते. गावाचे उत्पन्न मात्र दर वर्षी येते. त्यातून नंदादीप जळतो, वाजंत्री आणि पुजारी यांचा चरितार्थ चालतो, पावसाळ्याआधी छप्पर चाळले जाते, तळीतला गाळ निघतो. ज्याने वास्तू उभी केली त्याने तिच्या पुढच्या शंभर वर्षांच्या देखभालीचीही तरतूद करावी, हा विचार या दानात आहे. स्थापत्याच्या नीतीचा याहून मूलभूत नियम सापडणे कठीण. मंगेशीच्या सध्याच्या देवालयाची जडणघडण अठराव्या शतकातली, तर तेथील तळी त्याहूनही जुनी मानली जाते. येथेही पाणी आधी आणि शिखर नंतर आले.

या चरित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. १७४५ मध्ये राणोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र जयाप्पा यांच्याशी रामचंद्रबाबांचे पटले नाही आणि शिंद्यांची दिवाणगिरी सुटली. पुढे ते सदाशिवरावभाऊंचे सल्लागार झाले. १७५० साली सांगोल्याला भाऊंनी छत्रपती रामराजांकडून राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे वळवून घेतले, त्या वेळी रामचंद्रबाबा त्यांच्या सोबत होते. त्यानंतर भाऊंनी पेशव्यांच्या दिवाणपदाचा आग्रह धरला आणि चुलत भावांत तेढ वाढली. त्यामागेही याच मुत्सद्द्याची मसलत होती, असे इतिहासकार मानतात. सत्तेच्या खेळात ते निरिच्छ साधू नव्हते. १७५४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तोवर ते राजकारणातच गुंतलेले होते.

उज्जैनचे मंदिर ज्या खजिन्यातून उभे राहिले, तो खजिनाही माळव्याच्या रयतेने भरलेला होता. चौथाई आणि सरदेशमुखीचा भार अखेर शेतकऱ्यावरच पडत असे आणि फौजा ज्या वाटेने जात त्या वाटेवरची पिके सुरक्षित राहत नसत. कोणतीही मोठी वास्तू कोणाच्या तरी श्रमावर आणि कोणाच्या तरी जमिनीवर उभी असते. म्हणूनच बांधणाऱ्यावर ऋण असते. मिळालेल्या सत्तेचा काही भाग त्यांनी पुढील पिढ्यांना वापरता येईल अशा रूपात परत केला, एवढेच आपण रामचंद्रबाबांच्या पदरात टाकू शकतो. पण तेवढेही थोडे नाही.

आज रामघाटावर उभे राहिले की या ऋणाचा हिशेब नव्याने मांडावासा वाटतो. ज्या क्षिप्रेसाठी घाट बांधले गेले, तिला वर्षभर स्वतःचे पाणी उरलेले नाही. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उपसून, उंचावर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडण्याची योजना सुरू झाली आणि २०१६ चा सिंहस्थ बव्हंशी त्या पाण्याच्या आधाराने पार पडला. घाटाच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी, इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी क्षिप्रेला मिळते. ते पाणी वळवण्यासाठी निराळी कामे करावी लागली. २०२८ चा सिंहस्थ आता जवळ आला आहे. घाटांची लांबी वाढवता येईल, दगड नवे बसवता येतील, परंतु नदीच नसेल तर घाट म्हणजे केवळ जिना उरतो.

मंदिराच्या परिसरातही असाच धडा मिळाला. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोक या भव्य परिसराचे लोकार्पण झाले. त्याआधी, २०२१ मध्ये, विस्तारासाठी खोदकाम करताना परमारकालीन मंदिराचे अवशेष जमिनीतून वर आले होते. पुढे २८ मे २०२३ रोजी आलेल्या वादळात तेथील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा कोसळल्या. त्या तंतुमिश्रित प्लास्टिकच्या होत्या. शेकडो वर्षे मातीखाली राहिलेला घडीव दगड ओळख न गमावता बाहेर आला आणि नवे काम आठ महिन्यांत पडले. घाई, स्वस्ताई आणि दर्शनी झगमगाट यांच्यापुढे टिकाऊपणाला गौण मानल्याचा हा परिणाम होता. खुद्द ज्योतिर्लिंगाची झीज थांबावी म्हणून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्देश द्यावे लागले. देवालाही देखभाल लागते, हे आपण विसरलो होतो.

उज्जैनकडे बोट दाखवून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. गोव्यातील कितीतरी देवळांचे जीर्णोद्धार गेल्या काही दशकांत झाले. लाकडी खांबांचे सभामंडप गेले, भिंतींवरच्या कावीच्या नक्षीवर रंगाचे थर चढले, कौलांच्या जागी काँक्रीटचे स्लॅब आले आणि जमिनीवर परप्रांतातून आणलेला संगमरवर पसरला. जांभ्याचा चिरा आणि चुन्याचा गिलावा यांतून ओल आतबाहेर होते, भिंत श्वास घेते. त्यावर सिमेंटचा जाड थर चढवला की ओल आत कोंडते आणि चिरा आतून झिजू लागतो. चुन्याचा सांधा उकरून पुन्हा भरता येतो, काँक्रीट मात्र गंजलेल्या सळीसकट फोडावे लागते. अग्रशाळेच्या अंगणात फरशी घातल्यावर पावसाचे पाणी जमिनीत न मुरता गटारात जाते आणि मग तळी आटल्याची तक्रार आपणच करतो. यात कोणाची श्रद्धा कमी पडलेली नसते. विचारायचे प्रश्न तेवढे विचारले गेलेले नसतात.

ते प्रश्न साधे आहेत. बांधायचे ते कोणत्या डोंगरातून, कोणत्या नदीतून येणार? जुने जे टिकण्याजोगे आहे, ते राखता येईल का? पाण्याची वाट मोकळी राहील का? आपण गेल्यानंतर या वास्तूची काळजी कोण आणि कशातून घेणार? वास्तुविशारद, कंत्राटदार, देवस्थानचे महाजन आणि घर सजवायला निघालेला सामान्य गृहस्थ, सर्वांना ते सारखेच लागू पडतात.

रामचंद्रबाबांनी हे प्रश्न आजच्या भाषेत विचारले नसतील. त्यांच्या काळी पर्यावरण हा शब्दही नव्हता. तरी महाकालाचे स्थान आणि कुंड त्यांच्या कामात जपले गेले आणि मंगेशाला त्यांनी उत्पन्नाचा गाव मिळवून दिला. त्यांच्या राजकारणातील मसलती बहुतेकांच्या विस्मरणात गेल्या. मंगेशीची तळी अजून पाणी धरून आहे आणि उज्जैनच्या गर्भगृहात रोज पहाटे भस्मारती होते. पुढच्या वेळी रामघाटावर स्नानाला उतराल, तेव्हा पायरीच्या दगडावरून हात फिरवून पाहा आणि मग समोरच्या पाण्याकडे पाहा. दगडाने आपले काम केले आहे. पाण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे.