कर्ज काढून बर्लिनला गेलेली मुलगी

एम.ए.चा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो. आता पुढे काय? त्यातून विषय समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र असेल तर विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी काळजीही असते. पीएचडी करायची म्हटलं तर फेलोशिप मिळेल का, परदेशी जायचं तर पैसे कोण देणार आणि एवढं सगळं करून नोकरी लागेल का? हे प्रश्न आजचे वाटतात, पण शंभर वर्षांपूर्वी पुण्यातली एक मुलगी याच प्रश्नांमधून गेली होती. तिचं नाव इरावती करमरकर. आपण तिला ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे म्हणून ओळखतो. लेखिका म्हणून त्या घराघरांत पोचल्या, पण त्यांचा पोटापाण्याचा आणि जिवाभावाचा उद्योग संशोधनाचा होता. त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा त्यांना मिळवावा लागला.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मुलीला नाव मिळालं ते तिथल्या मोठ्या नदीचं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि तिच्यामुळे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात इरावती मुलीसारखी वाढली. रँग्लर म्हणजे फर्ग्युसनचे प्राचार्य. घरात पुस्तकं, चर्चा आणि मोकळं वातावरण. आई-वडील समुद्रापार असलेल्या मुलीला हे दुसरं घर मिळालं नसतं तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

पेशव्यांची दक्षिणा, मुलीच्या हातात

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या आणि त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. या फेलोशिपचा इतिहास गमतीदार आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजी अमलात त्या पैशाचं रूप बदलत गेलं आणि त्यातून कॉलेजातल्या हुशार मुलांसाठी फेलोशिप निघाल्या. एकेकाळी फक्त शास्त्री-पंडितांच्या ओंजळीत पडणारा पैसा असा एका विशीतल्या मुलीपर्यंत येऊन पोचला. ती फेलोशिप घेऊन त्या मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेल्या. संशोधनाला विषय घेतला चित्पावन ब्राह्मणांचा. म्हणजे पेशव्यांची जात आणि त्यांची स्वतःचीही. आपल्याच घराकडे बाहेरून बघायची सवय इथून लागली. १९२८ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली.

दरम्यान त्यांचं लग्न झालं होतं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे शिक्षक आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत जाऊन पीएचडी केली होती. बायकोनेही तिकडे जाऊन शिकावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. विरोध आला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. ज्यांनी १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्या अण्णांनाच सुनेचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. घरातला प्रश्न आणि जगासाठीचा विचार यांत अंतर पडतं, ते असं.

दुसरा प्रश्न पैशांचा. दक्षिणा फेलोशिप मुंबईपुरती होती, बर्लिनसाठी नव्हती. मदतीला आले डॉ. जीवराज मेहता. पेशाने डॉक्टर, काँग्रेसचे कार्यकर्ते, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. त्यांनी कर्ज दिलं. देणगी नव्हे, कर्ज. नोव्हेंबर १९२८ मध्ये, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना, इरावतीबाई जर्मनीला निघाल्या.

कवट्या आणि गाईड

बर्लिनच्या डालेम भागात वर्षभरापूर्वीच एक नवी संस्था सुरू झाली होती. कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंशशास्त्र, मानवी अनुवंश आणि सुप्रजननशास्त्राची शाखा. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे गाईड झाले. फिशर त्या काळातलं मोठं नाव. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून ते नावारूपाला आले होते. गोरा माणूस बुद्धीने श्रेष्ठ आणि हे शरीराच्या मोजमापातून दाखवता येतं, अशी त्यांची धारणा होती.

त्यांनी नव्या विद्यार्थिनीला विषय दिला कवटीतल्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचा कयास असा की हा फरक युरोपियनांत जास्त आणि इतरांत कमी निघेल. मग त्याचा संबंध मेंदूच्या विकासाशी जोडायला ते मोकळे. इरावतीबाईंनी काय केलं? मोजलं. दीडशेच्या आसपास कवट्या एकेक करून हातात घेतल्या, मापं टिपली, तक्ते केले. यातल्या कितीतरी कवट्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या होत्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांच्या माणसांना कुणी विचारलेलं नव्हतं. आज आरोग्य संशोधनात साधं रक्त घ्यायचं तरी आधी लेखी संमती लागते आणि एथिक्स कमिटीपुढे जावं लागतं. ते का, याचं उत्तर अशा कपाटांमध्ये आहे.

मापं हातात आली आणि त्यांतून गाईडला हवं ते निघालं नाही. असमानता सगळ्यांतच होती. वंशाशी तिचा संबंध दिसत नव्हता. आता या जागी स्वतःला ठेवून बघा. परक्या देशात आहात, डोक्यावर कर्ज आहे, सासऱ्यांच्या मर्जीविरुद्ध आला आहात. पदवी ज्यांच्या सहीने मिळणार, त्यांच्या लाडक्या सिद्धांताविरुद्ध तुमचा डेटा बोलतोय. आकडे थोडे इकडे-तिकडे करायचा, निदान निष्कर्ष मऊ करायचा मोह कुणालाही होईल. इरावतीबाईंनी जे दिसलं ते लिहिलं. फिशर खूष झाले नाहीत आणि गुणही बेताचेच पडले. पण डॉक्टरेट मिळाली.

तीन वर्षांनी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. फिशर यांच्या संस्थेतलं वंशशास्त्र नाझी राजवटीच्या कामाला लागलं. पुढे तर ऑशविट्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेलेने पाठवलेले नमुने याच संस्थेत पोचत होते. मोजपट्टी तीच. ती कुणाच्या हातात आहे आणि आधीच ठरलेलं उत्तर शोधायला वापरली जाते की खरं काय ते बघायला, यावर सगळं ठरतं.

डॉक्टरेट आहे, नोकरी?

भारतात परतल्यावर आजच्यासारखीच अडचण उभी राहिली. बर्लिनची डॉक्टरेट होती, पण मानववंशशास्त्राच्या संशोधनाची जागा होती कुठे? इरावतीबाई १९३१ मध्ये मुंबईला महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एसएनडीटीत, रजिस्ट्रार झाल्या. सासऱ्यांनीच काढलेलं हे विद्यापीठ. परीक्षा, नोंदी, पत्रव्यवहार, फायली असं ते काम. कवट्या मोजणाऱ्या बाईंनी १९३६ पर्यंत ही कारकुनी सांभाळली. त्या काळात त्यांना किती चुटपुट लागली असेल, याची कल्पनाच करावी. पण त्यांनी विषय सोडला नाही.

संधी आली १९३९ मध्ये. काही वर्षं बंद पडलेलं पुण्याचं डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. भाषाशास्त्राला सु. मं. कत्रे आणि पुरातत्त्वाला ह. धी. सांकलिया आले. समाजशास्त्राच्या रीडर म्हणून इरावतीबाई आल्या. डॉक्टरेटनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी मनासारखी जागा मिळाली आणि मग त्यांनी ती अखेरपर्यंत सोडली नाही.

तिथून त्यांनी केलेलं काम बघितलं की थक्क व्हायला होतं. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननावर गेल्या. तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, त्यांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मापं घेत त्या गावोगाव हिंडल्या. रक्तगट तपासले. हे सगळे आकडे घेऊन त्या संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर बसल्या आणि १९५१ मध्ये दोघांनी मिळून महाराष्ट्राच्या शारीरिक मोजमापांचा ग्रंथ काढला. समाजशास्त्राच्या मुलांना स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते ना? मग ही जोडी लक्षात ठेवा.

या कामात आणखी एक गोष्ट घडली. पहिले गाईड घुर्ये यांचं म्हणणं होतं की मूळची एकच जात फुटत गेली आणि तिच्या पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना मात्र दिसलं ते उलटं. कुंभारांचंच घ्या. थोरचाके आणि लहानचाके कुंभार दोघेही मडकीच करतात, पण चाकं वेगळी आणि आपसांत रोटीबेटी नाही. मापंही सांगत होती की हे एका घरातले दोन भाऊ नसावेत. त्यांच्या मते वेगवेगळे गट एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले. फुटून झालेले नव्हेत, शेजारी येऊन बसलेले. म्हणजे बर्लिनच्या गाईडपाठोपाठ मुंबईच्या गाईडशीही मतभेद. दोन्ही वेळा त्यांनी आवाज चढवला नाही, पुरावा पुढे ठेवला.

१९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावात देतात. दक्षिणेत मामाशी, मामेभावाशी लग्न होऊ शकतं. महाराष्ट्र या दोघांच्या मध्ये उभा. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. आजीच्या तोंडी असलेल्या अशा गोष्टींमधून त्यांनी सगळ्या देशाचा नकाशा मांडला.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातही त्या खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, याची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाच्या विजेचं कौतुक सगळे करत होते, पण पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांच्या घरी जाऊन विचारपूस करणं हेही संशोधनच, हे त्यांनी दाखवून दिलं. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या, चौसष्टाव्या वर्षी.

त्यांचं सगळंच आज मान्य होईल असं नाही. जर्मनीत शिकलेली मोजमापाची पद्धत त्या पुढेही वापरत राहिल्या. डोक्याच्या आणि नाकाच्या मापांवरून समाज किती कळतो, असा प्रश्न नंतरच्या अभ्यासकांनी विचारला आणि तो रास्त आहे. पण पुराव्यापुढे गाईड मोठा नाही, हे त्यांनीच शिकवलं. मग त्यांनाही तो नियम लागू होणारच.

तुमच्या वाटेवर

इरावतीबाईंच्या वेळी एक दक्षिणा फेलोशिप आणि एक भला माणूस एवढीच शिदोरी होती. आज दारं जास्त आहेत. नेट देऊन जेआरएफ मिळवता येते. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर, आरोग्य संशोधनासाठी आयसीएमआर आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. जर्मनीला जायचं असेल तर डाडच्या शिष्यवृत्त्या आहेत. आणि कर्ज काढून जाणारी इरावती एकटी नव्हती. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्तीच देत आलं आहे.

नोकरीचं म्हणाल तर पहिली जागा बहुतेक वेळा प्रोजेक्ट असिस्टंटची किंवा फिल्ड इन्व्हेस्टिगेटरची असते. मुदतीची, बेताच्या पगाराची, उन्हातान्हात दारोदार फिरायला लावणारी. देवनारची लोकसंख्या संस्था आणि टिस, पुण्याची गोखले संस्था आणि खुद्द डेक्कन कॉलेज अशा ठिकाणच्या जाहिराती बघत राहा. पहिलं काम फायलींचं मिळालं तरी बिघडत नाही. रजिस्ट्रारच्या खुर्चीतली ती वर्षं आठवा.

फेलोशिपच्या अर्जात विषय, पद्धत, अपेक्षित निष्कर्ष असे रकाने असतात. अपेक्षित निष्कर्षाचा रकाना भरताना जरा थांबा. तो अंदाज असतो, वचन नसतं. उद्या तुमची प्रश्नावली, तुमचे रक्ताचे नमुने, तुमच्या गावातल्या मुलाखती काही वेगळंच सांगू लागल्या तर? बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या मुलीपुढे हाच प्रश्न होता आणि तिच्या डोक्यावर तेव्हा कर्जही होतं.