मादाम मॉन्टेसरी : बालकांच्या हाताला अक्षर देणारी विदुषी

गल्लोगल्लीच्या बालवर्गांच्या पाट्यांवर मॉन्टेसरी हे नाव आपण इतक्या वेळा वाचतो, की ते एका स्त्रीचे आडनाव आहे हेच आपल्या विस्मरणात गेले आहे. या नावावर कोणाचीही मालकी नसल्याने ते कोणीही लावू शकतो. अशी पाटी लावलेल्या कितीतरी वर्गांत तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन त्याच्याकडून अ पासून ज्ञ पर्यंत गिरवून घेतले जाते. ज्या बाईंचे हे नाव, त्यांनी आयुष्यभर याच्या नेमके उलट केले. मूल ज्या क्रमाने शिकते तो क्रम आधी पाहावा आणि मग शिकवण्याचा विचार करावा, असा त्यांचा आग्रह होता.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म दि. ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई सुविद्य व वाचनाची आवड असलेली होती. मारिया पाच वर्षांच्या असताना कुटुंब रोमला आले. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे अशी त्या काळची समजूत होती, परंतु मारियांनी वैद्यकशास्त्राची वाट धरली. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीने शवविच्छेदन करणे अशोभनीय मानले जात असल्यामुळे सर्व मंडळी निघून गेल्यावर त्यांना एकट्याने ते काम करावे लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

रोम विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मतिमंद बालके दिसली. त्यांच्या हाताशी खेळायला काही नव्हते, पाहायला काही नव्हते. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, अशी मारियांची खात्री झाली. त्यांनी इतार आणि सेगाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ मुळातून अभ्यासले. सेगाँ यांच्या मार्गाने, म्हणजे हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून शिकवीत, त्यांनी या मुलांना लिहिण्या-वाचण्यापर्यंत नेले. त्यांतील काही मुले सर्वसामान्य मुलांच्या बरोबरीने परीक्षेत उत्तीर्ण झाली तेव्हा सर्वत्र आश्चर्य व्यक्त झाले. मारियांना मात्र निराळाच प्रश्न पडला. दुबळ्या बुद्धीची मुले इथवर येतात, तर धडधाकट मुले शाळेत इतकी मागे का राहतात?

याच काळातील एक गोष्ट त्यांच्या चरित्रात फार वर्षे झाकलेली राहिली. सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ साली मारिओ हा पुत्र झाला. विवाह झाला नाही. त्या समाजात अविवाहित मातेला प्रतिष्ठा तर नव्हतीच, तिचे कामही हिरावले गेले असते. बाळ रोमबाहेरच्या खेड्यात एका कुटुंबाकडे वाढले. आई अधूनमधून भेटायला जाई, पण आपली ओळख देत नसे. परक्यांच्या मुलांना जवळ करणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाला बोलते होताना, अक्षर ओळखताना पाहता आले नाही. त्यांच्या कार्याकडे पाहताना हे दुःख नजरेआड करता येत नाही.

रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका गृहबांधणी संस्थेने चाळींची दुरुस्ती केली होती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच संस्थेचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांचा व्यावहारिक हेतू होता. ते काम त्यांनी मारियांकडे सोपविले आणि दि. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे पहिले बालगृह सुरू झाले. मुले सुमारे पन्नास-साठ, वय तीन ते सहा. देखरेखीला शिक्षणशास्त्राचा गंध नसलेली एक तरुणी.

सहा वर्षांपूर्वी मुलांना अक्षरे शिकवू नयेत, हे तेव्हाचे सर्वमान्य मत मारियांनाही मान्य होते. पण मुलांच्या आया, ज्यांतील बहुतेकींना स्वतःची सही येत नव्हती, त्या मागे लागल्या. आमच्या मुलांना लिहा-वाचायला शिकवा, ही त्यांची विनवणी होती. गरिबाच्या घरी अक्षराची किंमत काय असते हे आपल्याकडेही जुन्या पिढीला ठाऊक आहे. मारियांनी आपले मत बाजूला ठेवले.

लाकडी अक्षरे करून घेणे जमले नाही. मग त्यांनी सुतार लाकूड घासायला वापरतात तो खरखरीत पॉलिश पेपर कापून अक्षरे केली आणि गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल दोन बोटे त्या अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवी; बोट वळणावरून घसरले तर गुळगुळीत पुठ्ठा लगेच ते सांगे. शिक्षिका त्याच वेळी अक्षराचा ध्वनी उच्चारी. डोळा, बोट आणि कान अशी तिन्ही इंद्रिये एकाच अक्षराकडे लागत. काही दिवसांनी मुले डोळे मिटूनही बोटांनी अक्षर ओळखू लागली. जोडीला कागदाची सुटी अक्षरे होती. शब्द सावकाश उच्चारायचा, त्यातले ध्वनी ऐकायचे आणि ती अक्षरे चटईवर ओळीने मांडायची. पेन्सिल धरण्याची तयारी तिसऱ्याच खेळातून होई: धातूच्या चौकटीतील आकारांची कडा गिरवून आतला भाग रेघांनी भरायचा. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालत. लिही, असे कोणी कोणाला म्हणत नसे.

त्या डिसेंबरातील एका उन्हाच्या दिवशी मारिया मुलांसह गच्चीवर होत्या. एका पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन त्यांनी धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र काढून त्यांनी शाबासकी देताच त्या मुलाने खाली वाकून फरशीवर एक शब्द लिहिला. मग आनंदाने ओरडत दुसरा, तिसरा. भोवतालची मुलेही खडू मागू लागली आणि त्यांतील काहींनी आयुष्यात प्रथमच लिहिले. पुढे काही दिवस मुले जमिनीवर, दारांवर, सापडेल तिथे लिहीत सुटली. नाताळाला चार-चार वर्षांच्या दोन बालकांनी सर्वांच्या वतीने तालामोंना खाडाखोड नसलेले शुभेच्छापत्र लिहिले. चार वर्षांच्या मुलाला पहिल्या तयारीपासून पहिल्या शब्दापर्यंत महिना-दीड महिना लागतो, असे मारियांनी नोंदवून ठेवले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही मुले लिहीत होती, पण वाचत नव्हती. आपण समजतो, आधी वाचन मग लेखन. मारियांना क्रम उलटा दिसला. लिहिताना मुलाच्या मनात शब्द आधीच असतो, तो ते ध्वनी-ध्वनीने बाहेर मांडते. वाचताना मात्र परक्याच्या मनातील शब्द चिन्हांवरून शोधून काढायचा असतो. अक्षरे उच्चारून शब्द म्हणता आला याला त्या वाचन म्हणतच नसत. त्यातला आशय मनात पोचला, तरच ते वाचन.

म्हणून त्यांनी चिठ्ठ्या केल्या. खोलीतल्या परिचित वस्तूंची आणि खेळण्यांची नावे त्यांवर लिहिली. चिठ्ठी उचलावी, शब्द लागला की बरोबर ते खेळणे घ्यावे आणि त्याच्याशी खेळावे, असा बेत होता. खेळणे हे वाचनाचे बक्षीस. परंतु मुलांनी खेळण्यांकडे पाहिलेही नाही. ती एकामागून एक चिठ्ठ्याच उचलीत राहिली. ज्याला आपण मोबदला समजत होतो त्याची मुलांना गरजच नाही, हे मारियांनी मुलांकडून शिकून घेतले. पुढे मुले भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे छापील अक्षर आपणहून वाचू लागली. रस्त्यातून जाताना ती प्रत्येक दुकानाच्या पाटीपाशी थांबतात, त्यांना घेऊन बाहेर पडणे कठीण झाले आहे, अशी गोड तक्रार आईबाप करू लागले.

१९०९ मध्ये मारियांचा पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत त्यांचे नाव जगभर झाले. आईच्या निधनानंतर त्यांनी किशोरवयीन मारिओला आपल्याजवळ आणले; पुढे तोच त्यांचा उजवा हात झाला. प्रारंभी त्यांनी मुसोलिनीच्या राजवटीचे साहाय्य स्वीकारले होते, हेही नमूद केले पाहिजे. ते फार काळ टिकले नाही. १९३४ साली इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. स्पेनमधील यादवीमुळे तेथूनही निघावे लागले व त्या हॉलंडमध्ये स्थिरावल्या.

भारतात त्यांचे विचार त्यांच्या आधी येऊन पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. ताराबाई मोडक त्यांना १९२३ मध्ये येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. अहमदाबादचे जैन उद्योगपती अंबालाल साराभाई व त्यांच्या पत्नी सरलादेवी यांनी तर आपल्या मुलांसाठी घरीच मॉन्टेसरी विचारांवर शाळा चालविली. थोर शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांचे बालपणीचे शिक्षण याच शाळेत झाले.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. गिजुभाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तले होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि मायलेक दोघेही इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. आईला अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली. ज्या मुलाला समाजाच्या भीतीने इतकी वर्षे दूर ठेवावे लागले, तो पुन्हा हिरावला गेला. दि. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारिओंची सुटका केली. पुढे कोडाईकनाल येथे त्यांनी काम केले. अहमदाबादच्या शिक्षणवर्गात दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांतून त्यांचा एक प्रमुख ग्रंथ सिद्ध झाला व तो १९४९ मध्ये प्रकाशित झाला.

त्यांची पद्धत मराठीला कितपत लागू पडते, असे पुष्कळ जण विचारतात. इटालियनप्रमाणे आपली लिपीही बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने ध्वनी ऐकून अक्षर मांडण्याचा खेळ येथे इंग्रजीपेक्षा पुष्कळ सोपा जातो. अडचण येते ती ऱ्हस्व वेलांटीशी, कारण ती उच्चारात मागून येते आणि लिहिताना आधी. रफाराचेही तसेच, उच्चारात तो आधी, पण लेखनात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. किती हा शब्द मांडताना मुलाने वेलांटी क च्या पुढे ठेवली तर त्याचा कान बिनचूक आहे, चुकते आहे ती आपली लिपी. अशा वेळी मुलावर रागावण्याचे कारण नाही. साधनांच्या खर्चाचा प्रश्न ताराबाईंनी सोडविला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासमवेत काम करताना त्यांनी परदेशी पेट्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, खडे आणि पाने वारली मुलांच्या हाती दिली. मूळ पद्धतीचे कडवे अनुयायी याला मॉन्टेसरी म्हणणार नाहीत. पण सान लोरेंझोत पॉलिश पेपर कापणाऱ्या बाईंच्या हे अधिक जवळचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मारिया १९४९ मध्ये युरोपात परतल्या. दि. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डवेक या समुद्रकाठच्या गावी त्यांचे देहावसान झाले. मारिओंची ओळख त्या फार वर्षे आपला भाचा किंवा मानलेला मुलगा अशी करून देत असत. मृत्युपत्रात मात्र त्यांनी त्यांचा उल्लेख आपला पुत्र असा केला होता.