बोस्टनच्या पब्लिकला नको असलेला पोरगा 'मिस्टर झिरो' कसा झाला?

साल १९३८. बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी टीमचा गोलकीपर होता टायनी थॉम्पसन. सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी ४ वेळा जिंकलेला, पब्लिकचा लाडका. टीमनं त्यालाच डेट्रॉइटला विकलं आणि त्याच्या जागी फ्रँक ब्रिमसेक या नवख्या पोराला उभं केलं. चाहते भडकले.

ब्रिमसेक अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, एव्हलेथ या खाणींच्या गावातला. त्या काळी एनएचएल लीगमध्ये बहुतेक खेळाडू कॅनडाचे. त्यात अमेरिकन गोलकीपर म्हणजे नवलच.

थॉम्पसन गेल्यावरची पहिलीच मॅच ब्रिमसेक हरला. पण पुढच्या ७ पैकी ६ मॅचमध्ये त्यानं समोरच्या टीमला एकही गोल करू दिला नाही. तेही तोंडावर मास्क नसताना, कारण तेव्हा गोलकीपर मास्क घालतच नसत. नाराज असलेल्या पब्लिकनंच मग त्याला 'मिस्टर झिरो' करून टाकलं.

त्याच सीझनला बोस्टननं स्टॅनली कप जिंकला. व्हेझिना आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूची काल्डर ट्रॉफी, दोन्ही ब्रिमसेकला मिळाल्या. १९४१ ला टीमनं पुन्हा कप मारला.

मग आलं महायुद्ध. १९४३ ला तो अमेरिकेच्या कोस्ट गार्डमध्ये गेला. ऐन भरातले दोन सीझन गेले. तरी परत येऊन त्यानं जागा राखली. एनएचएलच्या १० सीझनमध्ये तो ८ वेळा ऑल-स्टार संघात निवडला गेला.

१९५० ला शिकागोकडून शेवटचा सीझन खेळून तो निवृत्त झाला आणि मिनेसोटात रेल्वेचं इंजिन चालवू लागला. १९६६ ला हॉकी हॉल ऑफ फेमनं त्याला मान दिला. १९९८ ला तो गेला.