ग्रेस हॉपर : यंत्रांना एका भाषेत आणणाऱ्या गणिताच्या बाई



मागच्या सत्र परीक्षेच्या वेळची गोष्ट. माझं घर शहापूरला आणि शाळा मुरबाड तालुक्यात. चौथीची प्रश्नपत्रिका रात्री घरच्या कॉम्प्युटरवर टाईप केली, पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि सकाळी मुरबाडला प्रिंट काढायला गेले. दुकानात फाईल उघडली तर काय! मराठी प्रश्नांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. माझ्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हता. शेवटी हाताने प्रश्नपत्रिका लिहून झेरॉक्स काढल्या. असा प्रसंग आपल्यापैकी बऱ्याच जणांवर आला असेल.

एका यंत्रावर केलेलं काम दुसऱ्या यंत्रावर जसंच्या तसं का चालत नाही? हा प्रश्न ज्या बाईंनी आयुष्यभर धरून ठेवला, त्यांची आज ओळख करून घेऊ. त्या मुळात आपल्यासारख्याच शिक्षिका होत्या. नाव ग्रेस हॉपर.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिने ते उघडलं. जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली! आईने रागावून सगळी काढून घेतली नाहीत, तर एकच घड्याळ तिच्या हाती ठेवून खेळायची मुभा दिली. पालकहो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वासर कॉलेजच्या प्रवेशासाठीच्या लॅटिन परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. वर्षभर थांबून पुन्हा बसली आणि प्रवेश मिळवला. 1928 साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी घेतली. पुढे येल विद्यापीठातून 1930 साली एम.ए. आणि 1934 साली गणितातली पीएच.डी. मिळवली. 1931 पासून त्या वासरमध्येच गणित शिकवू लागल्या.

वर्गातून नौदलात

दुसरं महायुद्ध सुरू झालं. ग्रेसबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. पण वय जास्त भरलं आणि वजन नियमापेक्षा 15 पौंड, म्हणजे जवळपास सात किलो कमी. खास सवलत मिळवून डिसेंबर 1943 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या.

1944 साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात मार्क-1 या गणकयंत्रावर झाली. हे यंत्र 51 फूट लांब आणि 8 फूट उंच होतं. म्हणजे आपल्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवल्या तर कसंबसं मावेल. एका सेकंदात ते तीन बेरजा करी. आजच्या साध्या मोबाईलपुढे ते काहीच नाही, पण त्या काळी ते नवल होतं. ग्रेसबाईंनी त्याचे प्रोग्राम लिहिले आणि वापराचं 561 पानांचं पुस्तकही तयार केलं.

इथे एक दुरुस्ती करून घेऊ. कॉम्प्युटरमधल्या चुकीला 'बग' हा शब्द ग्रेस हॉपर यांनी दिला, असं आपण मुलांना सांगतो. 9 सप्टेंबर 1947 रोजी मार्क-2 यंत्रात खरोखरच एक पतंग (किडा) अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरं. ग्रेसबाई ही गोष्ट रंगवून सांगत. पण यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनच होती.

नकलेतल्या चुकांवरून सुचलेली युक्ती

प्रोग्राम लिहिणारी मंडळी एकमेकांच्या वहीतून उपयोगी तुकडे उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत, पत्ते बदलताना बेरीज चुके. वह्या तपासणाऱ्या आपल्याला हे नवीन नाही! ग्रेसबाईंना वाटलं, नक्कल करणं आणि बेरीज करणं ही तर यंत्राची कामं. मग ती माणसाने का करायची?

1949 साली त्या युनिव्हॅक यंत्र बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. 1952 साली त्यांनी ए-झिरो नावाची व्यवस्था तयार केली. तयार तुकड्यांना क्रमांक द्यायचे, आपण फक्त क्रमांक सांगायचा, तुकडे गोळा करून प्रोग्राम जोडायचं काम यंत्र करणार. याला त्यांनी 'कम्पायलर' म्हटलं. पण लोकांचा विश्वासच बसेना. यंत्र फक्त आकडेमोड करतं, प्रोग्राम थोडंच लिहिणार, असं बरेच जण म्हणत.

यंत्राने वाकायचं की माणसाने?

पुढची पायरी आणखी धाडसी होती. दुकानाचा, पगाराचा, गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला गणिती चिन्हं आवडत नाहीत, त्याला रोजचे शब्द हवेत, हे ग्रेसबाईंनी ओळखलं. 1955 च्या सुरुवातीला त्यांनी वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवला की प्रोग्राम साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यावा. यंत्राला कोणत्याच भाषेचं सोयरसुतक नसतं हे दाखवायला त्यांनी तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही लिहून दिला. झालं उलटंच. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन कशी समजेल, या कल्पनेनेच वरिष्ठ बिथरले. फक्त इंग्रजीच वापरू, अशी हमी दिल्यावर काम पुढे सरकलं. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

हा प्रसंग वाचताना मला आपला पहिलीचा वर्ग आठवतो. कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी घरांतली मुलं आपापली बोली घेऊन शाळेत येतात. पुस्तकातला शब्द त्यांना येत नाही म्हणून त्यांना काहीच येत नाही, असं आपण पटकन ठरवून टाकतो. ग्रेसबाईंनी यंत्राला माणसाच्या शब्दांकडे यायला लावलं. आपण तर माणसं आहोत. मुलाच्या शब्दांकडे दोन पावलं आपणही जाऊ शकतो.

सगळ्यांना मान्य होईल असा करार

आता मोठी अडचण पाहू. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं आणि त्याची भाषाही वेगळी. यंत्र बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहायचे. आपल्याकडे आजोबांच्या काळी भात पायली-अधोलीने मोजत. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असं नाही, आणि मग बाजारात वाद. 1956 साली देशात मापांचा कायदा झाला, हळूहळू किलो-लिटर आले आणि मुरबाडच्या बाजारातला किलो शहापूरच्या किलोएवढाच झाला. कॉम्प्युटरच्या जगालाही असंच एक माप हवं होतं.

एप्रिल 1959 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही जाणकार जमले, त्यांत ग्रेसबाई होत्या. मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने मोठी बैठक झाली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एका टेबलाभोवती बसल्या. सर्वांसाठी एकच व्यवहारी भाषा करायची असं ठरलं आणि समिती नेमली. तीच कोबोल. पुष्कळ ठिकाणी कोबोल एकट्या ग्रेस हॉपर यांनी लिहिली असं छापलेलं असतं, ते बरोबर नाही. ती समितीने लिहिली. त्यात जीन सॅमेट, बेटी होल्बर्टन यांच्यासारख्या स्त्रियाही होत्या. ग्रेसबाई सल्लागार होत्या आणि त्यांची फ्लो-मॅटिक हा कोबोलचा मुख्य पाया ठरला.

समितीत भांडणंही भरपूर झाली. काम रखडतंय म्हणून वैतागलेल्या एका सदस्याने कोबोलच्या नावाचा चक्क दगडी स्मृतिस्तंभ, थडग्यावर ठेवतात तसा, संरक्षण खात्यातल्या प्रमुखांकडे पाठवून दिला! पण कोबोल मेली नाही. डिसेंबर 1960 मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, आरसीए 501 आणि युनिव्हॅक-2 वर, एकच कोबोल प्रोग्राम अगदी थोडे बदल करून चालवून दाखवला गेला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता, ते डोळ्यांसमोर घडलं. 1968 साली कोबोलला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

नियम लिहिला, पण पाळतो कोण?

1966 च्या अखेरीस वयामुळे नौदलाने ग्रेसबाईंना निवृत्त केलं. पण सात-आठ महिन्यांतच परत बोलावलं, फक्त सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने पुढे 19 वर्षं चालले!

काम काय होतं? आमचं यंत्र कोबोल जाणतं, असं प्रत्येक कंपनी सांगे. पण एकीची कोबोल दुसरीपेक्षा जराशी निराळी असे. ग्रेसबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणीचे प्रोग्राम तयार केले. ते चालवायचे आणि कंपनीचा कम्पायलर मानकाप्रमाणे वागतो का ते बघायचं. म्हणजे प्रश्नपत्रिकाच म्हणा ना. अभ्यासक्रम लिहून भागत नाही, मूल्यमापनही लागतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

पुढे हीच रीत कॉम्प्युटरच्या मूळ कार्यप्रणालींपर्यंत पोहोचली. 1988 साली पॉझिक्स हे मानक आलं. फाईल उघडायची, वाचायची, बंद करायची तर प्रोग्रामने कार्यप्रणालीला ते कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा हा करार. आपल्या शाळांत कुठे कुठे चालणारी लिनक्स हा करार बऱ्याच अंशी पाळते. त्यात नवी आज्ञा घालायची तर नुसती कल्पना सांगून चालत नाही. ती काय घेईल, काय परत देईल, चूक झाली तर काय कळवेल, जुने प्रोग्राम मोडतील का, हे सगळं लिहून द्यावं लागतं. आधी कुठेतरी ती चालवून पाहिलेली असली तर तिचं वजन वाढतं.

आपल्या मराठीचा प्रश्नही असाच सुटला. युनिकोड या मानकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक सोळाच्या पायातल्या लेखनात 0915, मग कॉम्प्युटर शहापूरचा असो की मुरबाडचा. माझी प्रश्नपत्रिका जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती, म्हणून फसले. तेव्हापासून युनिकोडमध्येच टाईप करते.

शिक्षिका ती शिक्षिकाच

ग्रेसबाई अखेरपर्यंत शिकवत राहिल्या. नॅनोसेकंद म्हणजे काय हे सांगायला त्या सुमारे 30 सेंटिमीटरच्या तारेचा तुकडा वाटत. तेवढ्या वेळात प्रकाश फार तर एवढाच जातो! आजवर असंच करत आलो म्हणून असंच करायचं, या वृत्तीची त्यांना फार चीड होती. म्हणून त्यांच्या खोलीत उलटं फिरणारं घड्याळ असे.

ऑगस्ट 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचं निधन झालं. नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं आहे. जगातल्या अनेक बँकांचे हिशेब आजही कोबोलवर चालतात.

वर्गात करून पाहू

1. प्रत्येक मुलाला 30 सेंटिमीटर सुतळी द्या आणि नॅनोसेकंद हातात धरायला लावा.
2. दोन गट करा. एका गटाने चहा करण्याच्या सूचना लिहाव्यात, दुसऱ्याने त्या शब्दशः पाळाव्यात. कुठे अडलं, ते फळ्यावर लिहा आणि सूचना सुधारा.
3. वर्गासाठी एक नवा नियम सुचवायला सांगा. नियम काय, तो का हवा, कोणाला अडचण होईल, हे लिहून आणायचं. आठवडाभर पाळून बघायचा आणि मगच कायम करायचा.

तिसरा उपक्रम मी केला. पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवायच्या यावर मुलांनी तीनदा नियम बदलला. चौथा अजून टिकून आहे, कारण तो त्यांचा त्यांनी तपासलेला आहे.